जुन्या विज्ञानसाहसी पॉकेटबुकांची मुखपृष्ठं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी विज्ञानसाहसकथांची जुनी पेपरबॅक पुस्तकं हाती लागली की बहुतेकांच्या मनात तेच प्रश्न येतात. हे चित्र कुणी काढलं? आतल्या गोष्टीशी त्याचा काही संबंध आहे का? याला काही किंमत येते का? पावसाळ्यात हे टिकवायचं कसं? इथली उत्तरं मुख्यतः १९५० ते १९८० या काळातल्या अमेरिकन आणि ब्रिटिश पुस्तकांबद्दल आहेत. माझा कल आधीच सांगतो. ही मुखपृष्ठं मला पक्की चित्रकला वाटतात, आणि ज्यांनी ती काढली त्यांची नावं घेतली जावीत असं मला मनापासून वाटतं. बऱ्याच उत्तरांत तो आग्रह दिसेल.

ही मुखपृष्ठं आली कुठून?

मासिकांतून. एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' सुरू केलं आणि पहिल्या अंकापासून त्याची मुखपृष्ठं फ्रँक आर. पॉल यांनी रंगवली. पॉल यांचं शिक्षण वास्तुकलेचं. त्यामुळे त्यांची यंत्रं, मनोरे, परग्रहावरची शहरं पटकन पटतात. माणसं मात्र लाकडी दिसतात. लाल-पिवळ्याचा सढळ वापर आणि यंत्रापुढे चिमुकला झालेला माणूस ही पॉल यांची देणगी पुढची कित्येक दशकं चालली.

मग १९३९ मध्ये अमेरिकेत 'पॉकेट बुक्स' आलं, पंचवीस सेंटला एक पुस्तक. याच प्रकाशनासाठी डोनाल्ड वॉलहाइम यांनी १९४३ मध्ये विज्ञानकथांचा एक संग्रह संपादित केला. आपल्या विषयाचा खरा आरंभ मात्र १९५२ चा, कारण त्या एकाच वर्षी दोन प्रकाशनसंस्था उभ्या राहिल्या: इयन आणि बेटी बॅलंटाइन या दांपत्याची 'बॅलंटाइन बुक्स', आणि ए. ए. विन यांची 'एस बुक्स', जिचे संपादक हेच वॉलहाइम. मुखपृष्ठाकडे पाहण्याच्या दोघांच्या तऱ्हा अगदी वेगळ्या होत्या. पुढची वीसेक वर्षं बाकीचे प्रकाशक या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी वावरत राहिले.

चित्रं एवढी भडक का असायची?

ही पुस्तकं पुस्तकांच्या दुकानात फारशी विकली जात नसत. औषधाचं दुकान, बस स्थानक, वर्तमानपत्रांचा ठेला अशा ठिकाणी तारेच्या फिरत्या मांडणीत ती लावलेली असायची. गिऱ्हाईक डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेलं असे. त्याची नजर सात इंच उंचीच्या पुस्तकावर क्षणभर पडणार, तेवढ्यात हात पुढे गेला पाहिजे. त्यातही एका पुस्तकापुढे दुसरं ठेवलेलं, म्हणजे बहुधा वरचाच भाग दिसणार. म्हणून नाव आणि लेखक वर, आणि चित्रकाराने तिथे मोकळी जागा सोडायची. या मुखपृष्ठांची अक्षरांविना छापलेली चित्रं कधी पाहिलीत तर वर रिकामं आभाळ एवढं का, असा प्रश्न पडतो. ते आभाळ अक्षरांसाठी राखून ठेवलेलं असतं. उत्तम चित्रकार ती सक्तीची मोकळी जागाही चित्राच्या कामी लावतो. परग्रहाचं एकटेपण बऱ्याचदा त्या रिकामेपणातूनच येतं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. न खपलेली पुस्तकं अख्खी परत पाठवणं परवडत नसे. दुकानदार नुसतं मुखपृष्ठ फाडून प्रकाशकाकडे पाठवायचा आणि तेवढ्यावर त्याचे पैसे वळते व्हायचे. उरलेलं पुस्तक नष्ट करायचं, असा करार. म्हणूनच नंतरच्या अनेक अमेरिकन पेपरबॅकमध्ये आत सूचना सापडते, की हे पुस्तक मुखपृष्ठाशिवाय मिळालं असेल तर ते चोरीचं असू शकतं. हिशेबाच्या वहीत पुस्तक म्हणजे मुखपृष्ठच होतं.

काही मुखपृष्ठांवर रॉकेटही नाही आणि माणूसही नाही, नुसते विचित्र आकार असतात. हे काय आहे?

बहुधा तुमच्या हातात रिचर्ड पॉवर्स आहेत, किंवा त्यांच्या प्रभावाखालचं कुणीतरी. पॉवर्स (१९२१–१९९६) शिकागोचे. ईव्ह तांगी आणि होआन मिरो यांच्या अतिवास्तववादी चित्रांचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. १९५३ पासून बॅलंटाइननं त्यांना मोकळं रान दिलं. आर्थर सी. क्लार्क यांच्या 'चाइल्डहूड्स एंड'चं १९५३ चं मुखपृष्ठ त्यांचंच. त्यांच्या चित्रांत धातूचे की हाडांचे कळू नये असे आकार धुक्यात तरंगत असतात, आणि खाली कुठेतरी अंगठ्याच्या नखाएवढा माणूस उभा असतो. कथेतला प्रसंग शोधायला गेलात तर सापडणार नाही. कथा वाचून संपल्यावर मनात जे उरतं, ते रंगवायचा त्यांचा प्रयत्न असे.

औषधाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला अमूर्त चित्र विकायचा हा जुगार होता, आणि तो चालला. बॅलंटाइनची पुस्तकं लांबूनच ओळखू येऊ लागली. २००८ मध्ये सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेममध्ये पॉवर्स आणि बॅलंटाइन दांपत्य यांचा एकाच वर्षी समावेश झाला, हे मला फार योग्य वाटतं.

'एस डबल' म्हणजे काय?

एका पुस्तकात दोन कादंबऱ्या, एकमेकींना पाठ लावून आणि उलट्या बांधलेल्या. एक वाचून झाली की पुस्तक उलटं फिरवायचं, दुसरं मुखपृष्ठ समोर येतं. मलपृष्ठ नावाची गोष्टच नाही. विज्ञानकथांचं पहिलं जोडपुस्तक १९५३ चं आणि त्यात दोन्ही कादंबऱ्या ए. ई. व्हॅन व्होग्ट यांच्या होत्या. ही पद्धत १९७३ पर्यंत चालली.

चित्रकारांच्या दृष्टीनं याचा अर्थ पस्तीस सेंटच्या एका पुस्तकाला दोन चित्रं. काम भरपूर, मुदत तोकडी, मोबदला बेताचा. या धबडग्यात एड एम्शविलर यांनी काय काय करून दाखवलं ते पाहण्यासारखं आहे. 'एम्श' या नावाने सही करणाऱ्या या चित्रकाराला १९५३ साली, विज्ञानकथेसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, हॅनेस बोक यांच्याबरोबर मुखपृष्ठकाराचा पुरस्कार विभागून मिळाला. पुढे ते प्रायोगिक चित्रपटांकडे वळले. 'एस डबल' क्षुल्लक समजून सोडून देऊ नका. फिलिप के. डिक यांची पहिली प्रकाशित कादंबरी १९५५ मध्ये अशाच जोडपुस्तकातून आली. तिच्या पाठीला पाठ लावून लेई ब्रॅकेट या लेखिकेची कादंबरी होती.

चित्रकार पुस्तक वाचायचे का?

कधी वाचायचे, कधी नाही. कधी वाचायला वेळच दिला जात नसे. संपादक फोनवर दोन ओळी सांगायचा आणि पुढच्या आठवड्यात चित्र मागायचा.

न वाचता रंगवल्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण विज्ञानकथेच्या शेजारच्या घरातलं, म्हणजे अद्भुतकथेतलं आहे. १९६५ मध्ये बॅलंटाइननं टॉल्कीन यांची पुस्तकं घाईनं काढली. मुखपृष्ठं बार्बरा रेमिंग्टन यांची, आणि पुस्तकं वाचायला त्यांना मिळालीच नव्हती. 'द हॉबिट'वर एक सिंह आणि दोन एमू पक्षी आले. टॉल्कीन वैतागले, आणि पुढच्या छपाईत सिंह गेला. रेमिंग्टन यांना दोष द्यायला मी तयार नाही. दोष असलाच तर घाईचा.

उलट बाजूला जॉन शोनहेर. फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' पुस्तकरूपात येण्याआधी 'ॲनालॉग' मासिकात क्रमशः छापली जात होती, तेव्हापासून शोनहेर ती चितारत होते. प्राण्यांच्या शरीररचनेचा त्यांचा अभ्यास दांडगा. त्यामुळे त्यांचा वाळूतला महाकाय किडा थरकाप उडवतो, आणि त्याच वेळी तो खरंच जगत असेल, श्वास घेत असेल असं वाटतं. १९६५ मध्ये त्यांना ह्यूगो मिळाला. नंतर मुलांच्या एका चित्रपुस्तकासाठी त्यांना १९८८ चं कॅल्डेकॉट पदकही मिळालं, तेही घुबडाच्या गोष्टीसाठी.

एकाच कादंबरीची वेगवेगळी मुखपृष्ठं जमवण्यात काय अर्थ आहे?

माझ्या मते या छंदातला सगळ्यांत रसाळ भाग हाच. एडगर राइस बरोज यांची मंगळमालिका घ्या. पहिली कथा १९१२ मध्ये 'ऑल-स्टोरी' मासिकात क्रमशः आली आणि १९१७ मध्ये 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' नावाने पुस्तक झाली. त्या पुस्तकाची चित्रं फ्रँक स्कूनओव्हर यांची. पुढे जे. ॲलन सेंट जॉन यांनी बरोजचं जग असं काही रंगवलं, की नंतरचे सगळे त्यांच्याकडे पाहत शिकले. पेपरबॅकच्या काळात १९६२–६३ मध्ये 'एस'नं रॉय क्रेंकेल आणि फ्रँक फ्रॅझेटा यांच्याकडून मुखपृष्ठं करवून घेतली. काही पुस्तकांचे हक्क संपले होते, म्हणून 'एस'ला ती छापता आली. १९६३ मध्ये अधिकृत परवानगीनं बॅलंटाइनची मालिका निघाली, चित्रं रॉबर्ट ॲबेट यांची. १९७३ मध्ये त्याच प्रकाशनासाठी इटालियन चित्रकार जिनो डाकिले, आणि १९७९ मध्ये मायकेल व्हेलन. मधल्या काळात १९७० ला फ्रॅझेटांनी पहिल्या पुस्तकाची पुठ्ठाबांधणीची एक आवृत्तीही रंगवली.

आता मजकुरात काय आहे ते पाहा. मंगळावरचे हिरवे योद्धे पंधरा फूट उंच. त्यांना दोन पाय, दोन हात, आणि मध्ये आणखी एक जोडी जी हात म्हणूनही वापरता येते आणि पाय म्हणूनही. जबड्यातून सुळे बाहेर आलेले. त्यांचं वाहन थोट: खांद्याशी दहा फूट उंच, एका बाजूला चार असे आठ पाय. नायिका देजा थोरिस तांबूस वर्णाची, अंगावर दागिन्यांपलीकडे काही नाही. नायक जॉन कार्टरही मंगळावर पोचतो तो विवस्त्रच. हे सगळं चार इंच रुंद कागदावर बसवायचं, शिवाय औषधाच्या दुकानात चालेल असं.

प्रत्येक चित्रकारासमोर तीच अडचण, पण सुटका प्रत्येकाची वेगळी. प्रमाण पाळलं तर नायक राक्षसाच्या जेमतेम कमरेपर्यंत येतो आणि मुखपृष्ठावर किरकोळ दिसतो. म्हणून मी पाहिलेल्या बहुतेक चित्रांत हिरवे योद्धे पंधरा फुटांचे नसतात. मधले हात कुठून फुटतात ते निरखून बघा. कुणी बरगड्यांखाली दुसरा खांदा बसवतो, कुणी ती जागा पट्ट्यांनी आणि सावलीने झाकतो. आठ पायांचं जनावर धावताना पाय कसे टाकेल, याचा विचार खरोखर केलाय की मागचे पाय धुळीत लपवलेत? व्हेलनच्या चित्रांत हा विचार स्पष्ट दिसतो. त्याची जनावरं वजन पेलतात. फ्रॅझेटाला शरीररचनेच्या हिशेबापेक्षा वेग आणि आवेग महत्त्वाचा. क्रेंकेल नाजूक, रेषेचा माणूस, जुन्या पुस्तकचित्रांच्या परंपरेतला. ही पुस्तकं एका ओळीत मांडली की पाच-सहा चित्रकारांची एकाच प्रश्नाची उत्तरपत्रिका समोर येते.

फ्रॅझेटाचं एवढं कौतुक का?

फ्रँक फ्रॅझेटा (१९२८–२०१०) ब्रुकलिनचे, कॉमिक्समधून आलेले. बरोजची मुखपृष्ठं आधी त्यांचे मित्र क्रेंकेल यांच्याकडे आली होती आणि त्यांनी फ्रॅझेटांना हाताशी घेतलं. १९६६ पासून 'लान्सर' प्रकाशनानं काढलेल्या, तलवारबाज कोनानच्या साहसांच्या पुस्तकांवर फ्रॅझेटांची चित्रं आली आणि प्रकाशकांचं गणितच बदललं. चित्रकाराच्या नावावर पुस्तक खपतं हे आकड्यांनी दिसलं. त्यांच्या चित्रात प्रकाश मध्यभागी एकवटलेला असतो, कडा अंधारात विरघळतात, आणि स्नायूंचा पीळ इतका ताणलेला, की पुढच्या क्षणी काय होणार ते शरीरालाच ठाऊक असावं असं वाटतं.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे आणि ते माझ्या लेखी तितकंच मोठं. मुखपृष्ठ छापून झालं की मूळ चित्र प्रकाशकाकडे पडून राहायचं, हरवायचं, कुणाला तरी भेट दिलं जायचं. मूळ चित्र परत मिळालंच पाहिजे हा आग्रह फ्रॅझेटांनी लावून धरला. त्यांनी सांभाळून ठेवलेल्या चित्रांना आता चित्रकलेच्या बाजारातले भाव येतात. एका मासिकाच्या मुखपृष्ठासाठी केलेलं 'इजिप्शियन क्वीन' हे चित्र २०१९ मध्ये लिलावात ५४ लाख डॉलरला गेलं.

यातली एक गंमत संग्राहकांनी लक्षात ठेवावी. परत आलेल्या चित्रांवर फ्रॅझेटा पुन्हा काम करायचे, चेहरे बदलायचे, आकृत्या नव्याने रंगवायचे. त्यामुळे काही चित्रांचं पहिलं रूप आता फक्त त्या स्वस्त पेपरबॅकवरच शिल्लक आहे.

आपल्याकडच्या जुन्या बाजारात बहुतेक ब्रिटिश आवृत्त्याच का सापडतात?

इंग्रजी पुस्तकांचा बाजार ब्रिटिश आणि अमेरिकन प्रकाशकांनी आपसांत वाटून घेतला होता, आणि भारत ब्रिटिशांच्या वाट्याला होता. १९४७ पासून चालत आलेली ही व्यवस्था अमेरिकेतल्या खटल्यामुळे १९७६ मध्ये मोडीत निघाली. पण तोवर मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर पँथर, कॉर्गी, न्यू इंग्लिश लायब्ररी आणि पेंग्विन या ब्रिटिश प्रकाशनांच्या पुस्तकांची गर्दी झाली होती. अमेरिकन प्रतीही यायच्या, पण तुलनेनं कमी.

यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. सत्तरच्या दशकातली ब्रिटिश मुखपृष्ठं हा स्वतंत्र खजिना आहे. ख्रिस फॉस यांनी एअरब्रशनं, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारून, रंगवलेली अवाढव्य अवकाशयानं आधी पाहा. अंगावर पिवळे-काळे पट्टे, पत्र्यांचे सांधे, कुठे धूर, कुठे खरचटल्याच्या खुणा. यान गुळगुळीत चांदीचं असायचं ते फॉसनं गोदीतल्या मालवाहू जहाजासारखं कामाचं आणि मळकं केलं. गोष्टीशी त्यांच्या यानांचा बहुधा काही संबंध नसे. मला तो दोष वाटत नाही, कारण त्या आकारांत स्वतःचीच एक गोष्ट असते. पॉलप्रमाणे फॉसही वास्तुकलेच्या वर्गातून आलेले, हेही जाता जाता नोंदवतो.

न्यू इंग्लिश लायब्ररीच्या पुस्तकांवर ब्रूस पेनिंग्टन शोधा. जांभळी-नारिंगी आभाळं, अवशेष, कवट्या, एक प्रकारची धार्मिक शांतता. कॉर्गीवर जॉश कर्बी यांची गच्च भरलेली चित्रं मिळतील. पेंग्विनची वाट निराळी. १९६८ ते १९७९ या काळात तिथे कलासंचालक असलेल्या डेव्हिड पेलम यांनी स्वच्छ, आलेखी पद्धतीची मुखपृष्ठं स्वतः केली. डोळ्याच्या जागी दातेरी चक्र असलेलं १९७२ चं 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' त्यांचंच.

अर्धवस्त्र नायिका आणि तिला पळवणारा राक्षस हेच सारखं का दिसतं?

विकण्यासाठी. चाळीसच्या दशकात अर्ल बर्गी यांच्या मासिक-मुखपृष्ठांनी हा साचा पक्का केला. नायक अवकाशपोशाखात गळ्यापर्यंत बंद, आणि तिच्या अंगावर धातूची चोळी, त्याच निर्वात पोकळीत. बर्गी रंगांचे उस्ताद होते, पण हा साचा गरीबच म्हणायचा. आतल्या कथेत शास्त्रज्ञ असलेली बाई मुखपृष्ठावर किंचाळताना दिसते तेव्हा लेखकावरही अन्याय होतो.

म्हणून या क्षेत्रातल्या स्त्री-चित्रकारांचं काम मुद्दाम पाहावं. मार्गारेट ब्रंडेज यांनी तीसच्या दशकात 'वीर्ड टेल्स' मासिकाची मुखपृष्ठं पेस्टलनं, म्हणजे रंगखडूंनी केली. सहीत फक्त आद्याक्षर असल्यानं अनेक वाचकांना त्या स्त्री आहेत हे ठाऊकच नव्हतं. डायान डिलन यांनी पती लिओ यांच्याबरोबर १९६८ पासून 'एस स्पेशल' मालिकेची मुखपृष्ठं केली. लाकडी ठशांची आठवण करून देणारी ही चित्रं किंचाळणाऱ्या नायिकेपासून कोसभर दूर आहेत. १९७१ मध्ये या जोडीला ह्यूगो मिळाला. सत्तरीच्या शेवटी रोवेना मॉरिल आल्या आणि त्यांनी राक्षस आणि तलवारींचा प्रांतही पुरुषांकडे राहू दिला नाही.

माझ्याकडच्या पुस्तकावर चित्रकाराचं नाव नाही. ते शोधायचं कसं?

सावकाश आणि क्रमानं. आधी हक्कपृष्ठ (कॉपीराइटची नोंद असलेलं आतलं पान) आणि मलपृष्ठाचा तळ बघा. ब्रिटिश प्रकाशक तिथे कधीकधी बारीक अक्षरांत नाव देतात. नसेल तर चित्रातच सही शोधा, चांगल्या उजेडात आणि दहापट भिंग घेऊन. फ्रॅझेटाची सही ठळक असते. क्रेंकेल तीन आद्याक्षरं लिहितात. व्हेलनची खूण अक्षरांपेक्षा चिन्हासारखी दिसते. एम्श आपलं नाव यानाच्या पत्र्यावर, खडकावर, यंत्राच्या पाटीवर लपवून ठेवत, म्हणून कोपरे पाहून थांबू नका. छपाईत कडा कापल्या जाताना सह्या अर्ध्या कापल्या गेल्याचंही दिसतं. तेव्हा उरलेल्या वळणावरून अंदाज बांधावा लागतो.

भिंगातून पाहताना एक वेगळीच दुनिया दिसते. आभाळाची निळाई फुटते आणि निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके फुलासारख्या वर्तुळात बसलेले दिसतात. पुस्तकाच्या नावाची अक्षरं मात्र सलग, घट्ट रंगाची. ठिपके आहेत तिथे चित्र, सलग रंग आहे तिथे मांडणीकाराचं काम. सही या दोनपैकी कशात आहे यावरून ती चित्रकाराची की मांडणीकाराची याचा सुगावा लागतो.

तरीही उलगडा झाला नाही तर पुस्तकाचा क्रमांक आणि किंमत टिपून घ्या. 'एस'च्या क्रमांकाआधीचं अक्षर किंमत सांगतं. डी म्हणजे पस्तीस सेंट, एफ म्हणजे चाळीस. ब्रिटिश पुस्तकावर शिलिंग-पेन्समध्ये किंमत असेल तर ते फेब्रुवारी १९७१ च्या आधीचं, कारण तेव्हा तिथलं चलन दशमान झालं. शिलिंग आणि नवे पेन्स दोन्ही छापलेले असतील तर अगदी त्या बदलाच्या सुमाराचं. क्रमांक आणि वर्ष हाती आलं की 'इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस'वर ती नेमकी आवृत्ती शोधा. कादंबरीच्या नावावर थांबू नका, आवृत्तीपर्यंत जा, कारण तिथे प्रत्येक आवृत्तीच्या मुखपृष्ठकाराची वेगळी नोंद असते. आणि नाव सापडलं की पुस्तकात एक चिठ्ठी ठेवा. पुढच्या माणसाला पुन्हा शोधायला लागू नये.

याला किंमत येते का?

बहुतेक पुस्तकांना फार नाही. पहिली छपाई, गाजलेल्या लेखकाचं पहिलं पुस्तक, आणि कण्यावर एकही सुरकुती नाही असं तिन्ही जुळलं तरच. विकण्यासाठी जमवणार असाल तर दुसरं काहीतरी जमवा.

मुंबईच्या, कोकणच्या हवेत ही पुस्तकं टिकवायची कशी?

शत्रू तीन: कागदातलं आम्ल, दमट हवा आणि ऊन. आतला कागद स्वस्त लाकडी लगद्याचा, तो आपोआपच तपकिरी होत जातो. ते थांबवता येत नाही, फक्त सावकाश करता येतं. मुखपृष्ठाचा कागद बरा असतो. त्यावर उन्हाचा मारा झाला की आधी पिवळा आणि लाल उडतो आणि चित्र निळसर, आजारी दिसू लागतं. खिडकीसमोरचं कपाट म्हणूनच नको.

पावसाळ्यात पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे बोटभर हवा राहू द्या. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वाळवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या पुस्तकाला लागू देऊ नका. साधी प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली की आतला ओलावा आतच राहतो आणि बुरशी धरते. पॉलिएस्टरचं पारदर्शक आवरण वापरा, वरून उघडं. कसर लागल्याची शंका आली तर पुस्तक कोरडं असताना हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.

कण्यातला डिंक पन्नास वर्षांत कडक झालेला असतो. पुस्तक पूर्ण उघडलंत की कडकन आवाज येईल आणि पान हातात येईल. अर्धवट उघडूनच वाचा. सेलोटेप लावू नका, तिचा डाग चित्रात कायमचा मुरतो. लॅमिनेशन तर कधीच नको.

आपल्याकडच्या खासगी वाचनालयांतून आलेल्या प्रतींचं दुःख वेगळं. जाड पुठ्ठ्याची बांधणी करताना कडा कापलेल्या असतात, मुखपृष्ठ काढून टाकलेलं किंवा पुठ्ठ्यावर चिकटवलेलं असतं, वर गोल शिक्का. ती बांधणी सोडवायचा मोह आवरा. चिकटवलेलं चित्र उकलताना फाटतंच. शिक्क्यासकट ते पुस्तक कुणाच्या हातातून आलं याची ती नोंद आहे.

स्कॅन करताना चित्रावर जाळी उमटते. काय करू?

छपाईचे ठिपके आणि स्कॅनरचे ठिपके एकमेकांत अडकले की ती जाळी उठते. निदान ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, स्कॅनरच्या प्रणालीत जाळी घालवण्याची सोय असते ती वापरा, आणि मग आकार लहान करा. मूळ स्कॅन मात्र न सुधारता जपून ठेवा. रंग 'ताजे' करताना पॉवर्सचं धुकं आधी नाहीसं होतं.

ही चित्रं इंटरनेटवर टाकली तर चालतात का?

जुनं म्हणजे फुकट असं समजू नका. अमेरिकेत मासिकांत आणि पुस्तकांत छापलेल्या जुन्या कामाचं संरक्षण प्रकाशनानंतर ९५ वर्षांपर्यंत चालू शकतं. १९२६ चं पॉल यांचं पहिलं मुखपृष्ठ त्यातून मोकळं झालं आहे, १९६६ चा फ्रॅझेटा नाही. भारतात चित्राचे हक्क साधारणपणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. आपल्या प्रतीचा फोटो चर्चेसाठी, नाव देऊन टाकणं वेगळं आणि तेच चित्र टी-शर्टवर छापून विकणं वेगळं. आणि नाव न देता टाकणं कायद्यात बसलं तरी मला पटत नाही.

मराठीत अशी परंपरा होती का?

विज्ञानकथेची नव्हती, रहस्यकथेची भरभक्कम होती. बाबूराव अर्नाळकरांच्या छोट्या, स्वस्त रहस्यकथांवर रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं असायची. रोखलेलं पिस्तूल, अर्धा उजेड, भेदरलेली सुंदरी. त्याच काळातले दुसरे मोठे नाव दीनानाथ दलाल, ज्यांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. दोघेही मूळचे गोव्याचे. अमेरिकेतल्या वायर-रॅकसमोर आणि आपल्या पुस्तकविक्रेत्याच्या ठेल्यासमोर चित्रकाराचं काम एकच होतं, जाणाऱ्याचे पाय थांबवायचे. फरक एवढाच, की मुळगावकर आणि दलाल ही नावं घरोघरी ठाऊक होती. त्यांची चित्रं कॅलेंडरांतून भिंतीवर लागत होती. 'एस'च्या चित्रकाराला पुष्कळदा पुस्तकाच्या आतही नावाची ओळ मिळत नसे.

मूळ चित्रं पाहायला कुठे मिळतील?

फ्रॅझेटांची पेनसिल्व्हेनियातल्या ईस्ट स्ट्राउड्सबर्ग इथल्या फ्रॅझेटा आर्ट म्युझियममध्ये. अमेरिकेतल्या ईशान्य भागात राहणाऱ्या मराठी मंडळींना न्यूयॉर्कहून गाडीनं जाऊन एका दिवसात परत येण्यासारखं आहे. जाताना कोनान किंवा बरोजची एखादी जुनी पेपरबॅक सोबत न्या आणि मूळ चित्रासमोर धरून पाहा. छपाईत कोणते रंग गेले, अक्षरांखाली काय झाकलं गेलं, आणि नंतर फ्रॅझेटांनी काय बदललं, हे तिथेच एकेक करून टिपता येईल.